सरकारी श्वास

सोमवारी संध्याकाळी सरकार
मरे नदीकाठच्या निलगिरीला
एक श्वास टांगून जातं.

म्हणजे डबा. डब्यात सुका बर्फ,
खाली मिणमिणता दिवा, पंखा, जाळीची पिशवी.
बर्फ धुमसत राहतो,
कुणीतरी खोडाला पाठ लावून झोपल्यासारखा,
आणि डासांना वाटतं, आलं वाटतं कुणी.
तीही येतात. पंखा ओढून घेतो.

टांगणारा हात माझा. मनासे तौफा,
नगरपालिका, आरोग्य विभाग, कंत्राटी.
मंगळवारी पिशव्या गोठवतो,
चिमट्याने मेलेल्यांची खानेसुमारी करतो:
क्युलेक्स इतके, एडिस इतके,
पंख झडल्याने ओळख न पटलेले इतके.
कुठल्याच डासाच्या तोंडावर लिहिलेलं नसतं
तो काय घेऊन फिरत होता.

म्हणून कोंबड्या.

बेरिल ट्रेगेंझाबाईंच्या परसात पंधरा कोंबड्या,
पायात कडी, कडीवर आकडा.
कोंबड्या सरकारच्या, अंडी बाईंची,
तसा कागदच झालाय.
दर आठवड्याला पंखाखालची शीर शोधायची.
बाई कोंबडीला काखेत अशी धरतात
की सुई शिरताना तिला
फक्त त्यांच्या जुन्या स्वेटरचा वास यावा
(चाळीस अंशांतही त्या कामासाठी तो स्वेटर घालतात).
"आज आठ नंबर रुसलीय हं, मानी,
तिला शेवटी घे."

कोंबडीला ताप येत नाही.
ती दाणे टिपते, धुळीत लोळते, अंडं देते.
फक्त तिचं रक्त विसरत नाही
कोण येऊन चावून गेलं.

फेब्रुवारीत पाणी पात्र सोडून
द्राक्षांच्या ओळींत शिरलं, तिथेच बसलं.
पंधरा दिवसांनी मेलबर्नच्या प्रयोगशाळेचा फोन:
"चौदा नंबर. दोनदा तपासलंय."
एवढंच. मागे कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं.

मग मी पाट्या ठोकत हिंडलो.
लांब बाह्या घाला. कुंड्या, टायर उपडे करा.
संध्याकाळी नदीवर जाऊ नका.
कॅरॅव्हॅनवाले चड्डीवर गळ टाकून बसलेले,
म्हणाले, डास काय, दरवर्षीच असतात.
फुटबॉलच्या कोचने सराव तासभर अलीकडे घेतला,
तोही उपकार केल्यासारखा.
खरं सांगतो, पाटी ठोकताना मलाही वाटलं,
एका कोंबडीच्या शब्दावर
अख्खं गाव घरात कोंडायचं?

बाईंना सांगितलं, तेव्हा त्या
बादली विसळत होत्या. विसळतच राहिल्या.
"आमच्या कॉलिनचं डोकं
गुरुवारी दुखायला लागलं," म्हणाल्या.
"सात वर्षांचा. असाच पूर उतरला होता.
रविवारी त्यानं मला ओळखलं नाही.
गेला नाही तो. एकेचाळीस वर्षं होता.
रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावायची,
आई गेल्यावर."
बादली उपडी केली. पाणी सांडून
कोरडं होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.
"तेव्हा झाडाला काही टांगलेलं नसायचं."

चौदा नंबरचं आता काय, त्यांनी विचारलं.
नियम असा की एकदा हो म्हणालेलं रक्त
पुढे प्रत्येक वेळी होच म्हणतं,
पहाऱ्याला ते कुचकामी.
पकडीने कडी तोडली. पायावर
फिकट वळ होता, अंगठी काढल्यावर उरतो तसा.
फॉर्मवर 'मृत', 'हरवली', 'इतर' एवढेच रकाने.
'इतर'वर खूण केली.
ती मात्र लगेच उरलेल्या चौदाजणींत घुसली,
आता मला ओळखूही येईना.

आज पुन्हा सोमवार.
ऊन कलतंय, गाडीत बर्फाचा डबा धुमसतोय,
उकाड्याने मी बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
बाई कुंपणाचं दार उघडून आल्या,
काही न बोलता माझी उजवी बाही खाली ओढली,
मनगटाशी बटण लावलं.
मग डावी.
त्यांची बोटं हे काम
न बघता करत होती.